परतीचा रकाना

दादाचं ते पत्र श्रावणात आलं. पाच वर्षांत त्याची पत्रं यायची ती आईच्या नावानं, चार ओळींची, आपण बरा आहे हे सांगण्यापुरती. हे आबांच्या नावानं होतं आणि चांगलं चार पानी होतं. घरात वाचणारं कुणी नव्हतं, म्हणून आईनं ते न फोडता माझी वाट बघत ठेवलेलं. मी दर रविवारी बारामतीहून एसटीनं भिगवण गाठायची, तिथून सोलापूरकडं जाणारी गाडी धरायची आणि डाळज मागं टाकून पळसदेवला माहेरी उतरायची. त्या रविवारी मी पाय धुते न धुते तोच आईनं पाकीट हातात दिलं. आबा ओट्यावर बसले होते. "वाच," एवढंच म्हणाले आणि दुसरीकडं बघायला लागले.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. परदेशी प्रवासी जहाजावर स्वयंपाकघरात कामाला होता. त्याला साखर कारखान्यात चिकटवायची आबांनी खटपट केली होती. तीन महिने लोकांचे उंबरे झिजवले, ज्यांना कधी रामराम घातला नव्हता त्यांच्यापुढं टोपी काढून उभे राहिले. नोकरी मिळाली. हजर व्हायच्या आदल्या दिवशी दादानं सांगितलं, मी मुंबईला चाललो, जहाजावर काम मिळालंय. आबा दारात उभे राहून म्हणाले होते, "गेलास तर ही पायरी पुन्ना चढू नगंस." तो गेला. आबांचा शब्द आणि दादाचा हट्ट, दोन्ही एकाच वाणाचे. मधल्या काळात ना आबांनी त्याला ये म्हटलं, ना तो आला.

त्याच्या जाण्याचं खापर फुटलं माझ्यावर. मी बारावीला पहिल्या वर्गात पास झाले होते आणि पुण्याला कॉलेजात जायचं जवळजवळ ठरलं होतं. पण एक पोर हातचं गेलं म्हटल्यावर आबांनी दुसरं लांब जाऊच दिलं नाही. पहिलंच स्थळ आलं ते बारामतीचं, तिथं माझं लग्न उरकलं. नवरा चांगला निघाला, ते माझं नशीब. त्यानंच पुढं चार मशिनं आणून मला टायपिंगचा क्लास काढून दिला. पण म्हणून राग गेला असं नाही. माझा राग असा होता की दादाचं नाव निघालं की मी भाजी जरा जास्तच जोरात चिरायची.

तर ते पत्र. दादानं लिहिलं होतं की त्याचं जहाज उन्हाळाभर युरोपाकडच्या समुद्रात फिरतं आणि थंडी पडली की अमेरिकेकडच्या उबदार समुद्रात जातं. दिवाळी झाली की ते इटलीतलं बंदर सोडून महासागर ओलांडतं आणि चौदा दिवसांनी पलीकडं लागतं. जहाज असंही जाणारच, म्हणून त्या खेपेची तिकिटं स्वस्तात काढतात, आणि जहाजावर काम करणाऱ्यांच्या आईवडिलांना तर आणखी सवलत. पैसे त्यानं तिकडं भरायचं ठरवलं होतं. पुण्याच्या एका एजंटाकडं जाऊन बुकिंग पक्कं करायचं आणि कागदपत्रं करायची, एवढंच आमच्याकडं होतं. शेवटी लिहिलं होतं, "आबा, चौदा दिवस आपण एका जहाजावर असू. काम संपलं की मी तुमच्याजवळ येऊन बसेन. याल का?"

मी वाचायची थांबले. आबा म्हणाले, "ते जहाजाचं परत वाच." मी वाचलं. त्यांनी मान हलवली आणि पाच वर्षांत पहिल्यांदा दादाविषयी सरळ बोलले.

"म्हंजी त्येचा वाडा हलतोय. दिवाळी झाली की. आमच्यागतच."

आमचे लोक मेंढरंवाले. दिवाळी झाली की पंधरा-वीस बिऱ्हाडं मेंढरं घेऊन, घोड्यांवर संसार लादून कोकणाकडं उतरायची आणि पाऊस तोंडावर आला की वर यायची. त्या अख्ख्या चालत्या वस्तीला वाडा म्हणायचं. धरणाचं पाणी चढलं, चरायचे माळ गेले, आबांनी मेंढरं विकली आणि ऊस लावला. मी काही वाड्याबरोबर चाललेली नाही. पण आबा साठी ओलांडली तरी मनानं अजून वाड्यावरच होते. उसाला पाणी देतानाही त्यांना कोणत्या महिन्यात वाडा कुठल्या घाटात असेल ते आठवायचं.

म्हणून जहाज जागा बदलतं, हे सांगायला मला जे सायास पडतील वाटलं होतं ते पडलेच नाहीत. उलट तेच मला विचारायला लागले. वाटेत तळ किती? मी पत्रात बघून सांगितलं, एका बेटावर एक दिवस, मग सलग आठ दिवस नुसतं पाणी. "आठ दीस तळ न्हाय? आन पितात काय, खारं पानी?" आईनं तोंडाला पदर लावला. मीही हसले. आबा स्वतः हसले नाहीत, पण उठून गोठ्याकडं गेले ते चालच बदलून गेले.

आई येणार नव्हती. "म्हशीला कोण बगंल? तुमी जा. त्येला बगा, आन आलं की मला सांगा, कसा दिसतो." हे म्हणून ती चुलीकडं वळली.

आबा येणार म्हणून मी दादाला कळवलं, आणि कागदपत्रांची सगळी जबाबदारी माझ्यावर पडली, कारण घरात शिकलेली मीच. आबांच्या जन्माचा दाखला कुठून आणणार? त्यांच्या आईनं त्यांना साताऱ्याकडच्या कुठल्यातरी तळावर जन्म दिलेला. इंदापूरला चार खेपा मारून प्रतिज्ञापत्र केलं. पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या हवालदारानं विचारलं, "आबा, कुठं निघालाय?" आबा म्हणाले, "पोराच्या वाड्यावर." हवालदारानं कपाळाला आठ्या घालून माझ्याकडं बघितलं. मी त्याला नीट समजावून सांगितलं. म्हणजे समजावून सांगणं मला जमत नव्हतं अशातला भाग नाही.

भाद्रपदात आम्ही दोघं पुण्याला एजंटाकडं गेलो. वयस्कर गृहस्थ, फार सज्जन. त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवून आबांना वाट दाखवली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "हे बुकिंग जाण्यापुरतं असतं. जहाज पलीकडं पोचलं की उतरायचं आणि विमानानं परत यायचं. विमानाचं तिकीट आत्ताच काढा. त्याच्याशिवाय पलीकडचा व्हिसा मिळणं अवघड." मी मान डोलावली. मला शब्द न् शब्द कळला होता.

आबांना मी हे एसटी स्टँडवर बसून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि नाही म्हणाले.

"इमान कशाला? जहाज चैतात फिरतंय न्हवं? तवर ऱ्हाईन पोरापाशी. फिरलं की त्येच्यासंगं येईन."

"आबा, तसं राहता येत नाही. प्रवासी उतरवतात सगळे."

"वाड्यासंगं गेल्यालं माणूस वाड्यासंगंच येतं. मधनंच एकटं माघारी कवा येतं ठावं हाय का तुला? घरनं मयताचा सांगावा आला तर. जायच्या आधीच तसलं तिकीट काडून ठिवू व्हय? कुनाच्या मयताचं?"

त्यांचा आवाज चढला. स्टँडवरची दोन माणसं वळून बघायला लागली.  आता नीट सांगायचं म्हणजे थोडा वेळ जाऊ द्यायला हवा होता. दादालाच लिहून विचारायला हवं होतं, किंवा नवऱ्याला सांगून त्याच्याकडून गोडीगुलाबीनं पटवायला हवं होतं. आबांचं मन हट्टी होतं, पण दगड नव्हतं. मयताचीच भीती असेल तर तिकीट माझ्या कपाटात ठेवते, तुम्ही बघूसुद्धा नका, एवढं म्हटलं असतं तरी ते कदाचित ऐकले असते. हे मला तेव्हाही सुचलं होतं. मी एकदा सांगितलं आणि सोडून दिलं.

का सोडलं, ते इतक्या वर्षांनी तरी सरळ लिहायला हवं. बारावीनंतर मी पुण्याला जायचं म्हटलं तेव्हा आबा म्हणाले होते, लांब जायचं नाही. आणि जो न विचारता लांब गेला, त्याच्यापाशी अर्धं वर्ष राहायला ते समुद्र ओलांडून निघाले होते. दर रविवारी दोन गाड्या बदलून येत होते ती मी. त्यांचा दम्याचा पंप संपला की बारामतीहून आणत होते ती मी. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. मनात म्हटलं, माझं ऐकायचं नाही ना, मग जे काय सांगायचं ते व्हिसाचा साहेबच सांगेल.

पलीकडच्या देशाच्या व्हिसाचा फॉर्म मी माझ्या क्लासमध्ये टाइप केला. आबा समोर स्टुलावर बसले होते. परतीचा प्रवास कधी व कसा, असा एक रकाना होता. मी विचारलं, "इथं काय लिहू?"

"लिव की. चैतात, जहाज फिरंल तवा."

मी मुलींना शिकवायची की टायपिस्टनं डोकं चालवायचं नाही, समोर जे आहे ते जसंच्या तसं उमटवायचं. मी तसंच केलं. इंग्रजीत टाइप केलं: एप्रिलमध्ये, जहाजाबरोबर. एकही चूक नाही, अक्षर न् अक्षर सरळ. कागद बाहेर ओढला आणि आबांचा अंगठा घेतला.

इटलीचा व्हिसा सहज मिळाला, कारण तिथून ते पुढं जाणार हे बुकिंगवर दिसत होतं. दुसऱ्यासाठी मुंबईला वकिलातीत मुलाखत होती. मला आत सोडलं नाही. मी रस्त्याच्या कडेला छत्री घेऊन उभी होते. आबा नवं धोतर, नवी टोपी घालून आत गेले आणि तासाभरानं बाहेर आले. पायऱ्या उतरताना त्यांनी कठडा धरला होता, एरवी ते कधी धरत नसत.

"न्हाय म्हनले," आबा म्हणाले.

मग तिथंच उभं राहून त्यांनी सांगितलं. खिडकीपलीकडच्या बाईनं मराठी बोलणाऱ्या माणसामार्फत विचारलं, परत कसे येणार? आबांनी सांगितलं, पोरगं तिथं आहे, त्याच्यापाशी राहीन, चैत्रात जहाज फिरलं की येईन. बाईनं दोनदा विचारलं. त्यांनी दोनदा तेच सांगितलं, आणि वर म्हणाले की जमलं तर पोराला घेऊनच येईन. तिनं कागदावर शिक्का मारला. तिची काही चूक नव्हती. परतीचं तिकीट नसलेला, मुलापाशी सहा महिने राहतो म्हणणारा माणूस समोर आल्यावर तिनं दुसरं काय करायचं होतं?

परतीच्या गाडीनं लोणावळा मागं टाकलं. आबा म्हणाले, "बाय, कागुद बरोबर भरला हुता न्हवं?"

मी म्हणाले, "हो."

"मग माजंच बोलनं चुकलं. आडानी माणूस. त्येंच्यात वाडा नसंल, त्येंना कसं कळावं?"

मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. तेव्हा बोलले असते तर निदान त्यांच्या मनावरचा तो बोजा उतरला असता. पण मला माझी लाज झाकायची होती. गाडी भिगवणला पोचेपर्यंत आबा दोन-तीनदा स्वतःशीच पुटपुटले, कसं बोलायला हवं होतं ते जुळवून बघत होते.

एजंट म्हणाले, परतीचं तिकीट काढून पुन्हा अर्ज करता येईल, पण जहाज सुटायला वीस दिवस उरलेत, तेवढ्यात तारीख मिळणार नाही. आबा म्हणाले, "फुडच्या साली." मी त्याच संध्याकाळी दादाला पत्र लिहिलं, व्हिसा मिळाला नाही, आबा पुढच्या वर्षी नक्की येतील. त्याच्याशी बोलायचं म्हणजे तोच वर्षातून दोनदा बारामतीला आमच्या शेजारच्या एसटीडी बूथवर फोन करायचा. आमच्याकडं त्याचा नंबर नव्हता, पत्ता होता तो इटलीतल्या बंदरावरच्या कचेरीचा. त्यावर पत्र टाकलं. जहाज वीस दिवसांत तिथून हलणार आहे आणि पत्राला तेवढेच दिवस लागतात, एवढा साधा हिशेब माझ्या डोक्यात आला नाही. वाटलं, पुढं पाठवतील.

दिवाळी झाली, जहाज सुटायची तारीखही गेली, पण त्याचा फोन आला नाही. त्यानंतरही आला नाही. आबा दर रविवारी मला दारात बघून विचारायचे, "फोन?" मी मान हलवायची. एकदा म्हणाले, "रागावलं आसंल. आपुन येतो म्हनून कळवलं आन गेलो न्हाय." मी म्हटलं, त्याला पत्र मिळालं असेल. "मग बोलंना का?" 

माघात एका सकाळी आबा मोटार चालू करायला विहिरीवर गेले आणि तिथंच बसले. शेजारच्या वावरातल्या माणसानं हाक मारली तेव्हा त्यांना उठता आलं नाही. इंदापूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी बारामतीहून पोचले तेव्हा त्यांना अंगणात ठेवलं होतं. मी त्यांच्या पायाशी बसून रडले, पण जे सांगायचं होतं ते तेव्हाही सांगितलं नाही. भोवती माणसं होती.

दादाला कंपनीमार्फत तार केली. आठव्या दिवशी त्याचा फोन आला. खरखरीत काहीच नीट ऐकू येत नव्हतं. तो फक्त "कधी?" आणि "आई कशी आहे?" एवढंच विचारू शकला. फाल्गुनात माझं पत्र परत आलं. पाकिटावर तीन देशांचे शिक्के होते.

वैशाखात दादा आला. साडेपाच वर्षांनी. पायरीपाशी येऊन थांबला आणि आईनं हाताला धरून वर घेतला तेव्हाच चढला. केस मागं सरकले होते, हातांवर भाजल्याचे जुने डाग होते. धरणाचं पाणी उतरून त्यात बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलं होतं, ते बघायला बाहेरची माणसं यायची. दादा त्या बाजूला फिरकलासुद्धा नाही. दोन दिवस आबांच्या जागेवर बसून राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघंच ओट्यावर होतो. तो बोलायला लागला. बंदरावर प्रवासी चढायच्या दिवशी त्यानं साहेबाकडून तासाभराची सुटी मागून घेतली होती. स्वच्छ कपडे घालून जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला. स्वयंपाकघरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, माझे वडील येणार आहेत. धोतरातला माणूस दिसला की मला हाक मारा, म्हणून. जिना उचलला तरी तो तिथंच होता.

"चौदा दिवस आबांसाठी ठेवलेल्या खोलीवरून येत-जात होतो," दादा म्हणाला. "दार एकदाही उघडलं नाही. म्हटलं, नाही गेला त्यांचा राग. बोलावून बघितलं, नाही आले. मग फोन तरी कुणाला करायचा? आणि ते तसेच गेले, माझ्यावर राग धरून."

मी उठले आणि आतून ते परत आलेलं पत्र आणून त्याला दिलं. त्यानं वाचलं. मग मी उरलेलं सांगितलं. आबा किती खूष होते ते. चैत्रापर्यंत त्याच्यापाशी राहायचं म्हणून त्यांनी विमानाचं तिकीट काढू दिलं नाही ते, खिडकीवरच्या बाईला काय म्हणाले ते. आणि मग हेही सांगितलं की एजंटानं मला बजावलं होतं. मला पक्कं माहीत होतं की असा फॉर्म गेला तर नाही म्हणणार. मी तो तसाच टाइप केला. आबांना जाईपर्यंत वाटत होतं की चूक त्यांचीच.

दादानं पत्राची घडी केली आणि पुन्हा पाकिटात घातली. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"जहाज खरंच चैत्रात फिरलं," तो म्हणाला. "त्याच वाटेनं." मग माझ्याकडं वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होता. "म्हणजे आबांचा राग केव्हाच गेला होता. माझा तर नव्हताच. मग राहिला कुणाचा होता गं?"

मी म्हणाले, "माझा."

आईनं आतून जेवायला हाक मारली. आम्ही दोघंही उठलो नाही.